तेल कोण ओढणार? मऊ पीव्हीसीसाठी प्लास्टिसायझर निवडण्याची रीत

शाळेच्या कंपासपेटीत पांढरा खोडरबर आणि पारदर्शक पट्टी महिनाभर एकमेकांना टेकून राहिली की काय होतं, ते बहुतेकांनी पाहिलं असेल. उन्हाळ्याची सुट्टी संपली, पेटी उघडली, तर रबर पट्टीत रुतलेला. ओढून काढला की पट्टीवर चिकट खळगा. त्या खोडरबरात रबर बऱ्याचदा नावालाच असतं. तो असतो मऊ पीव्हीसीचा आणि पट्टी असते पॉलिस्टायरिनची. पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेल, म्हणजेच प्लास्टिसायझर, पट्टीत शिरलं आणि पट्टीच विरघळायला लागली.

भोसरीतल्या एका शेडमध्ये मी बरीच वर्षं नळ्या, गॅस्केटं आणि पट्टे काढतोय. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "सध्या कुठलं तेल परवडतं?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "माल विकल्यावर त्यातलं तेल कोण ओढणार आहे?" या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढलं, की बाजारातल्या वीस-पंचवीस नावांतली दोन-तीनच उरतात. पुढची सगळी रीत त्याच प्रश्नाभोवती आहे.

तेल आत धरून कशामुळे राहतं

पीव्हीसीची पावडर नुसती तापवून दाबली तर कडक पत्रा होतो. तिचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली प्लास्टिक काचेसारखं कडक राहतं ते, ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे घरच्या तापमानाला पीव्हीसीच्या लांब रेणूंच्या साखळ्या जखडलेल्याच राहतात. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवायचा उपाय शोधत होते. उकळबिंदू खूप वर असलेल्या द्रवात त्यांनी पीव्हीसी तापवलं आणि थंड झाल्यावर हातात आली रबरासारखी लवचिक वस्तू. आपला सगळा धंदा तिथून सुरू झाला.

तेलाच्या रेणूला दोन बाजू असतात. एस्टर गटाची ध्रुवीय बाजू पीव्हीसीतल्या क्लोरीनच्या जागांना धरून राहते. उरलेल्या लांब शेपट्या साखळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवतात, म्हणून माल वाकतो. पण हे धरणं रासायनिक बंध नव्हे. तेल भाड्याने राहिलेलं असतं, घर त्याच्या नावावर नसतं. उष्णता, बाहेरचं तेल, साबण, शेजारचं प्लास्टिक, यांपैकी कोणी जरा जास्त प्रेमाने बोलावलं की ते निघालं. शेपटी लांब आणि रेणू जड असेल तर निघायला वेळ लागतो, मात्र असा रेणू आत शिरायलाही तितकाच वेळ घेतो. निवड करताना तडजोड करायची ती याच दोन गोष्टींत.

नावाचा एक घोळ इथेच मिटवून टाकू. बाजारात ज्याला डीओपी म्हणतात ते खरं डीईएचपी, म्हणजे २-इथाइलहेक्झॅनॉल या अल्कोहोलपासून केलेला थॅलेट (थॅलिक आम्लाचा एस्टर). सरळ साखळीचा डीएनओपी हा वेगळा पदार्थ. परदेशी ग्राहकाने 'डीईएचपी नको' असं लिहिलं असताना आपल्याकडून 'आम्ही डीओपी वापरतो, डीईएचपी नाही' असं उत्तर गेलेलं मी पाहिलंय.

पहिली पायरी: ओढणाऱ्यांची यादी

कोरा कागद घ्या आणि वस्तू जिथे वापरली जाणार ती जागा डोळ्यांसमोर आणा. ग्राहकाला फोन करून खोदून विचारा. 'नळी हवी' एवढ्यावर थांबू नका. नळीतून काय जाणार, ती कशाला टेकणार, कुठे लोंबणार, किती वर्षं, हे सगळं लिहा.

उष्णता असेल तर तेल हवेत उडतं. वायरचं आवरण वर्षानुवर्षं गरम राहिलं की कडक होऊन तडकतं, ते यामुळेच. मोटारीच्या डॅशबोर्डवरचं तेल उडून समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला बसतं. नवी गाडी उन्हात ठेवल्यावर काचेवर आतून जो धुरकट थर येतो, त्याला त्या धंद्यात फॉगिंग म्हणतात.

खनिज तेल, पेट्रोल, रॉकेल किंवा खाद्यतेल लागत असेल तर साधं प्लास्टिसायझर धुतलं जातं. नळी कडक तर होतेच, शिवाय आकसते आणि क्लिपमधून सुटते. लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण उलटं करून पाहा. कडेने मऊ पांढरी गोल रिंग दिसते, तीही बहुधा पीव्हीसीचीच. लोणच्याचं तेल तिला महिनोन्‌महिने टेकून असतं, त्यामुळे तिच्यातलं तेल निवडणं हा थेट खाण्याचा प्रश्न आहे.

शेजारचं प्लास्टिक हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा शत्रू. पॉलिस्टायरिन, एबीएस, पॉलिकार्बोनेट, अॅक्रिलिक ही मंडळी पीव्हीसीतलं तेल शोषतात आणि ताणाखाली असली तर तडकतात. फ्रीजच्या दाराचं गॅस्केट आतल्या पांढऱ्या पत्र्याला रोज चिकटून बसतं, तो पत्रा याच कुळातला. थर्मोकोलला टेकलेली वायर, नायट्रोसेल्युलोज पॉलिशच्या टेबलावर टेकलेले एखाद्या यंत्राचे मऊ पीव्हीसीचे पाय, ही त्याच गोष्टीची रूपं.

मग ऊन, साबणपाणी, थंडी. आणि आपल्याकडे आणखी एक: बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात बाथरूमच्या पडद्यावर काळे-गुलाबी ठिपके येतात. अॅडिपेट, सेबॅकेट आणि सोयातेलाच्या कुळातली प्लास्टिसायझरं बुरशीला खाद्य पुरवतात. त्या मानाने थॅलेटांवर तिचं कमी चालतं. दमट जागेसाठी पहिल्या गटातलं तेल घेतलंत तर बुरशीनाशकाचा खर्च आधीच धरा.

दुसरी पायरी: कायद्याची चाळणी

ही चाळणी आधी लावा, कारण इथे बाद झालेलं तेल गुणात कितीही भारी असलं तरी उपयोगाचं नाही.

युरोपात डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयबीपी या चार थॅलेटांची मर्यादा मऊ केलेल्या भागाच्या वजनाच्या ०.१ टक्का आहे. आधी ती मुख्यतः खेळणी आणि बाळांच्या वस्तूंपुरती होती. ७ जुलै २०२० पासून ती घरगुती वापराच्या बहुतेक वस्तूंना लागू झाली. डीआयएनपी, डीआयडीपी आणि डीएनओपी यांच्यावर तिथे बंधन आहे ते मुलं तोंडात घालू शकतील अशा खेळण्यांपुरतं आणि बालसंगोपनाच्या वस्तूंपुरतं. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या रोह्स नियमात तीच चार नावं २२ जुलै २०१९ पासून आली. अमेरिकेत मुलांच्या खेळण्यांसाठी २०१८ पासून आठ थॅलेटांवर बंदी आहे आणि त्यांत डीआयएनपीही आहे. आपल्याकडे खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं चिन्ह सक्तीचं झालं. खेळण्यांतल्या थॅलेटांसाठी आयएस ९८७३ चा नववा भाग आहे.

०.१ टक्का म्हणजे किती, ते हाताने मोजून बघा. जुन्या मालात १०० भाग रेझिनला (पीव्हीसीच्या पावडरीला) ५० भाग डीओपी आणि थोडं फिलर (भरावाची पूड) धरलं, तर तयार मालात डीओपी साधारण २७ टक्के असतो. नवीन थॅलेटमुक्त बॅच १०० किलोची, आणि पोराने सवयीने त्यात जुन्या मालाचं एक किलो स्क्रॅप टाकलं. झाले २७० ग्रॅम, म्हणजे ०.२७ टक्के. बॅच गेली. चारशे ग्रॅम स्क्रॅपनेही ती मर्यादेबाहेर जाते. म्हणून निर्यातीच्या मालाला ग्राइंडर वेगळा, पाइपलाइन वेगळी, आणि मिक्सर खरवडून साफ. कंटाळवाणं आहे, पण तेल बदलूनही रिपोर्ट फेल झाला तर पहिला संशय याच जागी घ्यायचा.

क्लोरिनेटेड पॅराफिन, म्हणजे डीओपीच्या जोडीला घालायचं आपलं स्वस्त सीपी, वापरणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवायला हवेत. त्याचा आखूड साखळीचा प्रकार २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला, मधल्या साखळीचा २०२५ मध्ये. निर्यातीच्या मालात सीपी घालण्याआधी त्यातल्या साखळ्यांच्या लांबीचं प्रमाणपत्र पुरवठादाराकडून लेखी मागा.

तिसरी पायरी: कुळं ओळखणं

आता उरलेल्यांत निवड. प्रत्येक कुळाचा स्वभाव थोडक्यात सांगतो. जिथे लोक चुकतात तिथे जरा थांबतो.

साधे थॅलेट म्हणजे डीओपी, डीआयएनपी, डीआयडीपी. यांच्या अल्कोहोलात अनुक्रमे आठ, नऊ आणि दहा कार्बन असतात. रेणूभार डीओपीचा ३९१, डीआयएनपीचा सुमारे ४२०, डीआयडीपीचा ४४७. पायरी चढत गेलात की उडणं कमी होतं, पण मऊ करण्याची ताकद उतरते आणि मुरायला वेळ लागतो. डीबीपी याहून बराच लहान, रेणूभार २७८. झटकन मुरतो आणि तितक्याच झटकन उडतो. टिकाऊ मालात त्याला मुख्य तेल म्हणून घेऊ नका, मग कायदा आड येवो न येवो.

डीओटीपी हा डीओपीचा सख्खा भाऊ. रेणुसूत्र तेच, रेणूभार तोच. फक्त बेंझीनच्या कड्यावरचे दोन हात शेजारी-शेजारी असण्याऐवजी समोरासमोर. एवढ्याशा फरकाने तो ऑर्थोथॅलेटांच्या यादीतून बाहेर पडतो. विजेचे गुण चांगले, थंडीत डीओपीपेक्षा किंचित सरस. मुरायला मात्र थोडा हळू, म्हणून मिक्सरमध्ये आणि बॅरलवर काही अंश जास्त द्यावे लागतात. आणि अतिमऊ मालात, सतत दाबाखाली किंवा घडी घालून ठेवला तर, तो पृष्ठभागावर येऊ शकतो. डीओपीच्या जागी नवीन काय घ्यायचं असं कोणी विचारलं तर मी आधी हेच नाव घेतो, पण घडीची चाचणी केल्याशिवाय नाही.

अॅडिपेट आणि सेबॅकेट, म्हणजे डीओए आणि डीओएस, हे थंडीचे गडी. रेणूच्या मधला आम्लाचा भाग सरळ आणि लवचिक, त्यामुळे खूप खालच्या तापमानालाही साखळ्या हलत्या राहतात. किंमत मोजावी लागते ती उडण्यात आणि तेलात धुतलं जाण्यात. डीओए सहसा एकटा वापरत नाहीत, मुख्य तेलाचा चौथा ते तिसरा हिस्सा बदलून त्या जागी घालतात.

ट्रायमेलिटेट, म्हणजे टीओटीएम. दोनऐवजी तीन हात, रेणूभार ५४७. उष्णतेत उडणं अगदी कमी, म्हणून १०५ अंशांच्या वायरमध्ये आणि मोटारीच्या आतल्या भागांत तो जातो. पण उष्णतेला भारी म्हणजे सगळ्यालाच भारी असा समज करून घेऊ नका. खनिज तेलात तोही धुतला जातो.

तेलाला आणि शेजारच्या प्लास्टिकला खरी दाद न देणारे म्हणजे पॉलिमेरिक प्लास्टिसायझर, बहुधा अॅडिपिक आम्लाचे पॉलिएस्टर. रेणूभार हजारांत. साखळ्यांत गुंतून बसतात, निघत नाहीत. पण काकवीसारखे घट्ट, आधी तापवल्याशिवाय पंपातून येत नाहीत, थंडीत कमजोर, दर चढा. दमट उष्णतेत त्यांतले काही प्रकार पाण्याने तुटतात. म्हणून अर्धं पॉलिमेरिक, अर्धं साधं, अशी जोडी बऱ्याच गॅस्केटांना पुरते.

एपॉक्सी सोयातेल, म्हणजे ईएसबीओ, याला मी तेलापेक्षा स्टॅबिलायझरचा (उष्णतेत पीव्हीसी बिघडू न देणाऱ्या मसाल्याचा) मदतनीस समजतो. कॅल्शियम-झिंकसोबत ३ ते ५ भाग घातलं की उष्णतेतला रंग टिकतो. 'नैसर्गिक आहे' म्हणून १५ भाग घालून उन्हात लावलेला माल काही महिन्यांत चिकट होतो, कारण प्रकाशाने त्याची रचना बदलते आणि मग पीव्हीसी त्याला आत ठेवत नाही. झाकणांच्या रिंगमध्ये ते सर्रास असतं. युरोपात ते अन्नात उतरण्याची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे, बाळांच्या दुधाच्या आणि अन्नाच्या बरण्यांसाठी ३०.

खेळणी आणि वैद्यकीय वस्तूंसाठी डीआयएनसीएच आणि सायट्रेटवाला एटीबीसी हे पर्याय आहेत. दुसरा मुरायला सोपा, पण जास्त उडतो. फॉस्फेट आगीला आवर घालतात. बेंझोएट लवकर मुरतात, फ्लोअरिंग आणि प्लास्टिसोलवाल्यांना (पीव्हीसी तेलात कालवून लापशी करणाऱ्यांना) उपयोगी.

रक्ताच्या पिशवीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे डीईएचपी पिशवीतून रक्तात उतरतो, आणि लाल पेशींच्या आवरणात बसून त्यांना साठवणुकीत फुटण्यापासून वाचवतो. जो दोष सगळीकडे नडतो तोच तिथे कामाला आला. म्हणूनच पिशवीतून त्याला काढणं इतकं अवघड गेलं.

चौथी पायरी: किती घालायचं

हिशोब नेहमी पीएचआरमध्ये, म्हणजे १०० भाग रेझिनला किती भाग. मऊ मालाला सस्पेन्शन रेझिन बहुधा के-६७, अधिक ताकद हवी तर के-७० (के-आकडा जितका मोठा तितक्या साखळ्या लांब). के-६७ मध्ये फिलर नसताना ५० भाग डीओपीने कडकपणा शोअर-ए मापावर ८० च्या जवळ येतो (आकडा कमी तितका माल मऊ). तिथून ५ भाग वाढवले की साधारण ३ अंक उतरतात. हा ढोबळ आडाखा ३० ते ७० भागांच्या पट्ट्यात चालतो. १० भागांच्या खाली गणित उलटं होतं. थोडंसं तेल घातलं तर माल मऊ होण्याऐवजी उलट जास्त ठिसूळ होतो. कडक मालात 'जरा लवचिकपणासाठी ५ भाग' टाकणाऱ्यांची नळी फुटते ती म्हणूनच.

तेल बदलताना तोच कडकपणा हवा असेल तर डीओपीच्या भागांना या आकड्याने गुणा:

डीबीपी ०.८६
डीओए ०.९३
डीओटीपी १.०३
डीआयएनपी १.०६
डीआयडीपी १.१०
टीओटीएम १.१७

म्हणजे ५० भाग डीओपीच्या जागी डीओटीपी ५१.५, डीआयएनपी ५३, टीओटीएम ५८.५. 'नवीन तेलाने माल कडक येतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं की जुनाच आकडा तसाच ठेवलेला होता.

शोअर मोजतानाही जपा. ६ मिलिमीटर जाडी, २३ अंश, सुई टेकवल्यावर १५ सेकंदांनी वाचलेला आकडा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ३८ अंशांत वाचलेला आकडा काही अंकांनी कमीच दिसणार. मी नमुना रात्रभर ऑफिसच्या एसीत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वाचतो. ताज्या मालाचा कडकपणा एका दिवसात थोडा चढतोच.

पाचवी पायरी: थंडी वेगळी तपासा

हे मी पैसे मोजून शिकलो. नाशिककडच्या एका शीतगृहाला दारावरच्या पारदर्शक पट्ट्या हव्या होत्या. द्राक्षांच्या खोल्या शून्य अंशाच्या आसपासच्या, तिथल्या पट्ट्या झकास चालल्या. त्याच दाण्यातून (तयार मिश्रणातून) मी फ्रीझरच्या खोलीच्याही काढून दिल्या. शोअर ७५, हाताला लोण्यासारखा मऊ. तेलात १० भाग सीपी होता, कारण त्या महिन्यात डीओपी चढला होता. उणे १८ अंशांत हातगाडी आत शिरली की पट्टीला धक्का बसायचा. आठवडा संपायच्या आत कडा काचेसारख्या तुटू लागल्या. मालकाने तुकडे पिशवीत भरून माझ्या टेबलावर ओतले. एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

खोलीच्या तापमानाला मोजलेला मऊपणा थंडीबद्दल काहीच सांगत नाही. एकाच शोअरचे दोन माल थंडीत एकमेकांपासून २० अंश दूर असू शकतात. पुढच्या खेपेला सीपी पूर्ण काढला आणि तेलाचा तिसरा हिस्सा डीओए केला. पट्ट्या टिकल्या. प्रयोगशाळा नसेल तर निदान एवढं करा: पट्टीचे तुकडे डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी बाहेर काढताच दहा सेकंदांच्या आत दुमडून हातोडीचा टोला द्या. नेमका आकडा मिळत नाही, पण पट्टी आत लावायची की नाही ते कळतं.

सहावी पायरी: दर किलोचा, विक्री मीटरची

सीपी किलोला स्वस्त, हे खरं. पण नळी विकली जाते मीटरने, म्हणजे आकारमानाने. सीपीची घनता १.२५ च्या आसपास, डीओपीची ०.९८५. शिवाय सीपी दुय्यम तेल आहे, तेवढाच मऊपणा यायला ते जास्त घालावं लागतं.

एक हिशोब बघा. १०० रेझिन, ५० डीओपी, ३० कॅल्शियम कार्बोनेट: वजन १८० किलो, आकारमान सुमारे १३३ लिटर, घनता १.३५. आता १५ डीओपी काढून २० सीपी घाला: वजन १८५ किलो, आकारमान १३४ लिटर, घनता १.३८. त्याच मापाच्या नळीच्या १०० मीटरच्या गुंडाळीला पहिल्या दाण्याचे १३.५ किलो लागत असतील तर दुसऱ्याचे १३.८. दाण्याच्या किलोमागे वाचवलेले पैसे सव्वादोन टक्क्यांहून जास्त असतील तरच खरी बचत. त्यात उष्णतेतली घसरण, डायवरचा पिवळेपणा आणि थंडीतला ठिसूळपणा धरा. बागेच्या स्वस्त नळीला चालेल, वायरच्या इन्शुलेशनला मी घालणार नाही.

सातवी पायरी: मिक्सरमधला क्रम

बरोबर तेल चुकीच्या क्रमाने घातलं तरी माल बिघडतो. हॉट मिक्सरमध्ये आधी रेझिन आणि स्टॅबिलायझर. पावडर ६० ते ८० अंशांवर आली की तेल बारीक धारेने सोडा. हिवाळ्यात आणि जड तेल असेल तर तेही आधी ६० अंशांपर्यंत तापवा. तेल पूर्ण मुरून पावडर पुन्हा सुटी, कोरडी वाहू लागली की मगच फिलर. फिलर आधी टाकला तर तो तेल पिऊन बसतो, रेझिन उपाशी राहतं आणि नळीवर माशाच्या डोळ्यांसारखे कडक ठिपके दिसतात. १०५ ते ११० अंशांवर कूलरमध्ये उतरवा, ४५ च्या खाली आल्याशिवाय पोतं भरू नका.

कोरडेपणा ओळखायची हातखूण: मूठभर पावडर घट्ट दाबा आणि उघडा. गोळा लगेच भुगा झाला आणि तळव्यावर तेलकट डाग राहिला नाही, तर तेल आत आहे.

आठवी पायरी: विकण्याआधी छळून पाहा

पट्टीची घडी घाला, क्लिप लावा आणि आतली बाजू दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने बोटाने पुसून पाहा. घडीच्या आत साखळ्या दाबल्या जातात, जेमतेम सामावलेलं तेल तिथे घामासारखं बाहेर येतं. उष्णतेसाठी वजन केलेली चकती ओव्हनमध्ये ठेवा आणि दर दिवशी वजन घ्या. डीओपी आणि नवीन तेल यांच्या चकत्या एकाच वेळी ठेवा, पण वेगवेगळ्या कप्प्यांत, नाहीतर एकीचं तेल दुसरीत जातं आणि निकाल फसवा येतो. शेजारच्या प्लास्टिकसाठी खरी वस्तूच आणा: ग्राहकाच्या एबीएसच्या तुकड्याला आपली पट्टी बांधा, वर वीट ठेवा, ५० अंशांवर आठवडाभर सोडा. खळगा पडला की उत्तर मिळालं. वायरचा माल असेल तर ७० अंशांचा टाइप-ए आणि ८५ अंशांचा टाइप-सी यांच्या अटी आयएस ५८३१ मध्ये आहेत. तिथे घरगुती चाचणीवर भागत नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच हवी.

नववी पायरी: आलेला ड्रम तपासा

इतकं सगळं ठरवून ड्रममध्ये भलतंच तेल आलं तर? हायड्रोमीटर घ्या. शुद्ध डीओपी २० अंशांना ०.९८५ च्या आसपास, ३० अंशांना साधारण ०.९७८. त्यात १० टक्के सीपी मिसळलेला असेल तर २० अंशांना आकडा १ च्या वर जातो. पण एखादं हलकं तेल घालून आकडा जुळवणारेही असतात, म्हणून दुसरी चाचणी तांब्याच्या तारेची. जाड तार गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल करा, ज्योतीत हिरवा रंग अजिबात दिसेनासा होईपर्यंत. थंड करा, टोक तेलात बुडवा, पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी-निळसर झाक आली की त्यात क्लोरीन आहे, म्हणजे सीपी. हे खिडकीजवळ किंवा पंख्याखाली करा, निघणारा धूर छातीत घ्यायचा नसतो. आणि तारेला हात लावण्याआधी हात धुवा. बोटाला चिकटलेली पीव्हीसीची पावडरही ज्योत हिरवी करते. आमच्याकडे एकदा पुरवठादाराशी चांगलं कडाक्याचं भांडण झालं, आणि मग ध्यानात आलं की तार धरणारा पोरगा नुकताच मिक्सर साफ करून आला होता.

डीओपी आणि डीओटीपी यांतला फरक मात्र या दोन्ही चाचण्यांना दिसत नाही. वजन जवळपास सारखं, क्लोरीन दोघांतही नाही. तिथे प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते. निर्यातीचा माल असेल तर प्रत्येक लॉटची ती करून घ्या, आणि प्रत्येक ड्रममधलं शंभर मिलिलिटर तेल काचेच्या बाटलीत, तारखेची चिठ्ठी लावून, कपाटात ठेवून द्या. बाटली काचेचीच हवी आणि बूच मऊ पीव्हीसीचं नको.